राजा आणि पंच

संस्थानी अमदानीत जयपूरच्या महाराजांचा शब्द राज्यात अखेरचा मानला जाई. ब्रिटिश रेसिडेंटचा सल्ला आणि सार्वभौम सत्तेशी झालेले करार ही बंधने होतीच. परंतु प्रजेपुरते पाहिले तर न्याय, शिक्षा, महसूल आणि बक्षिसी या सर्वांचा उगम राजवाड्यातच होता. त्याच जयपुरात, रामबाग राजवाड्याच्या शेजारी, हिरवळीचा एक विस्तीर्ण पट्टा असा होता की, तेथे घोडा घालताच महाराजांची ही सत्ता संपत असे. पंचाने शिटी फुंकली म्हणजे महाराजांनी लगाम खेचावयाचा, प्रतिपक्षाला मोकळा टोला द्यावयाचा, आणि याबद्दल दरबारात कोणाची चौकशी करावयाची नाही, हा तेथील रिवाज होता. ते मैदान पोलोचे होते.

खेळाच्या नियमांना ही सत्ता येते कोठून? त्यांच्यामागे फौज नसते, तुरुंग नसतो. चार माणसे एखाद्या खोलीत बसून एक पुस्तिका तयार करतात आणि जगातील धनवान, बलवान व मानी माणसे तिच्यापुढे मान तुकवितात. ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने मोटार हाकणाऱ्या चालकालाही एका फलकावरील सूचनेसरशी शर्यत अर्धवट सोडून थांब्याकडे वळावे लागते. मोटारींच्या शर्यतींतील नियामक संस्थांविषयी आज पुष्कळ वाद होतात. परंतु त्या वादाचे मूळ मोटारीपेक्षा जुने आहे. यंत्राच्या अश्वशक्तीआधी खऱ्या अश्वांच्या खेळात हा प्रश्न उपस्थित झाला, आणि तो पाहावयास जयपूरइतके योग्य स्थळ दुसरे क्वचितच सापडेल.

जयपूर शहराच्या जुन्या तटाच्या आत, गणगौरी बाजारालगत, एका मैदानाला अद्यापि 'चौगान' हे नाव आहे. चौगान म्हणजे घोड्यावर बसून वाकड्या काठीने चेंडू टोलविण्याचा इराणी खेळ. मध्य आशियातून आलेल्या सुलतानांनी तो हिंदुस्थानात आणला. कुतुबुद्दीन ऐबक १२१० साली लाहोर येथे मरण पावला तो चौगान खेळताना घोड्यावरून कोसळून. पुढे अकबराच्या दरबारात या खेळाला विशेष मान मिळाला. १५६२ साली आमेरच्या राजा भारमलाने अकबराशी नाते जोडले आणि जयपूरच्या कछवाह घराण्याचे हे पूर्वज मोगल दरबाराच्या अगदी आतल्या वर्तुळात गेले. त्या दरबारातील चौगानाचे वर्णन अबुल फज्लने 'आईन-इ-अकबरी'त केले आहे. एका वेळी दहाहून अधिक खेळाडू मैदानात नसत. एक घटका झाली की दोघांनी विश्रांती घ्यावयाची आणि दोघा नव्यांनी त्यांची जागा भरावयाची. अंधाऱ्या रात्री खेळता यावे म्हणून पळसाच्या लाकडाचे चेंडू पेटवून वापरीत. पळसाचे लाकूड हलके असते आणि पुष्कळ वेळ धुमसत राहते.

म्हणजे चौगानालाही नियम होते. परंतु ते बादशहाचे नियम होते. बादशहाच्या मर्जीने ते घडत, त्याच्या मर्जीने बदलत, आणि त्याच्याविरुद्ध ते बजावणारा कोणी नसे. नियम करणारा स्वतः मैदानात उतरला म्हणजे नियमाचे काय होते, हा प्रश्न विचारण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. राजाज्ञा आणि खेळाचा कायदा यांतील अंतर त्या काळी पडलेलेच नव्हते.

ते अंतर पडावयास एक विचित्र योगायोग कारणीभूत झाला. मोगल सत्तेबरोबर उत्तरेत चौगान मागे पडला. परंतु दूर ईशान्येला मणिपुरात घोड्यावरून चेंडू खेळण्याची परंपरा गावोगावी जिवंत राहिली होती. तेथील खेळात दोन्ही बाजूंना सात-सात गडी असत. काचारच्या चहामळ्यांतील व छावण्यांतील इंग्रजांनी तो पाहिला, आणि १८५९ साली सिल्चर येथे पोलोचा पहिला क्लब निघाला. १८६२ साली कलकत्ता पोलो क्लब स्थापन झाला. तेथून पलटणींबरोबर हा खेळ देशभर पसरला आणि १८६९ च्या सुमारास इंग्लंडात पोहोचला. लंडनमधील हर्लिंगहॅम क्लबाने पुढच्या काही वर्षांत लेखी नियम तयार केले. हिंदुस्थानात १८९२ साली इंडियन पोलो असोसिएशनची स्थापना झाली. एक पलटण एका रीतीने आणि दुसरी दुसऱ्या रीतीने खेळू लागली तर सामना होणार कसा, ही त्यामागची रोकडी अडचण होती. नियामक संस्था बहुधा अशाच जन्मतात. त्या तत्त्वज्ञानातून निघत नाहीत. परक्याशी खेळण्याच्या गरजेतून निघतात. घरच्या अंगणात घरचा नियम पुरतो. परगावच्या गड्याशी झुंजावयाचे तर दोघांनाही मान्य असा तिसरा कोणी लागतो.

पोलोच्या नियमांचा गाभा एका रेषेत आहे. टोलविलेला चेंडू ज्या दिशेने जातो ती त्या चेंडूची रेषा. जो स्वार त्या रेषेवरून चेंडूच्या मागे दौडत असतो त्याचा मार्गावर हक्क. इतर कोणी धोका उत्पन्न होईल अशा रीतीने त्याला आडवे जावयाचे नाही. खांद्याला खांदा भिडवून प्रतिस्पर्ध्याला रेषेबाहेर रेटण्याची मुभा आहे, त्याच्या काठीला काठी अडकविण्याचीही ठरावीक परिस्थितीत मुभा आहे. परंतु आडवे जाणे हा मोठा अपराध. तीनशे यार्ड लांबीच्या मैदानावर दोन घोडे भरधाव वेगाने काटकोनात आदळले म्हणजे काय होते, हे ज्याने पाहिले असेल त्याला या नियमाचे कारण समजावून सांगावे लागत नाही. डाव्या हाताने काठी धरावयास मनाई आहे तीही याचसाठी: समोरासमोर येणाऱ्या दोन स्वारांपैकी एक उजवा आणि एक डावा असेल तर दोघेही एकाच बाजूने चेंडूवर झेपावतील. दोन पंच घोड्यावर बसून खेळाबरोबर धावतात, आणि त्यांचे एकमत झाले नाही तर मैदानाबाहेर बसलेला तिसरा पंच निर्णय देतो.

या नियमापुढे राजा आणि शिलेदार सारखेच ठरतात, कारण घोड्याच्या छातीला स्वाराची पदवी वाचता येत नाही. नियमाच्या सत्तेचा पहिला आधार हा असा अगदी प्राथमिक आहे. तो मोडला तर मोडणाराही मरू शकतो.

परंतु नियामक संस्थेच्या हाती याहून सूक्ष्म असे एक साधन आले, ते हँडिकॅपचे. ही कल्पना अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी निघाली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंड-हिंदुस्थानातही रूढ झाली. प्रत्येक खेळाडूची योग्यता पारखून त्याला उणे दोनपासून दहापर्यंत एक आकडा दिला जातो. या आकड्याला 'गोल' म्हणतात, पण त्याचा त्याने केलेल्या गोलांशी थेट संबंध नसतो. तो त्याच्या एकंदर कौशल्याचा निवाडा असतो. चारही खेळाडूंच्या आकड्यांची बेरीज म्हणजे संघाची श्रेणी. एका संघाची बेरीज वीस आणि दुसऱ्याची चौदा असली, तर सहा चकरींच्या हँडिकॅप सामन्यात दुर्बळ संघ सहा गोल गाठीशी घेऊनच खेळावयास उतरतो. सामना चार चकरींचा असेल तर चार गोल.

आता हा आकडा ठरविणार कोण? खेळाडू स्वतः नव्हे, त्याचे दरबारी नव्हेत, त्याचा क्लबही एकटा नव्हे. तो समिती ठरविते. ज्या माणसाच्या जन्मापासून तोफांच्या सलाम्यांची संख्या ठरलेली, त्याची किंमत एका समितीने दहांपैकी किती हे कागदावर लिहावे, आणि ती दर हंगामात फिरून तपासावी, ही गोष्ट संस्थानी हिंदुस्थानात साधी नव्हती. तोफांच्या सलाम्या वंशाला आणि गादीला मिळत. हँडिकॅपचा आकडा मात्र गादीवर बसून मिळत नसे. तो दौडून मिळवावा लागे आणि घसरलाही जाई.

महाराजा सवाई मानसिंह दुसरे यांच्या चरित्रात या दोन मापांचा सामना स्पष्ट दिसतो. ईसरदा ठिकाण्यातून दत्तक आलेला हा मुलगा १९२२ साली जयपूरच्या गादीवर बसला आणि १९३१ साली त्याला पूर्ण अधिकार मिळाले. १९३३ च्या उन्हाळ्यात तो आपला पोलो संघ घेऊन इंग्लंडला गेला. मानसिंह, जोधपूरच्या सर प्रतापसिंहांचे पुत्र रावराजा हनूतसिंह, रावराजा अभयसिंह आणि बारियाचे पृथीसिंह असे ते चौघे. त्या हंगामातील सर्व प्रमुख खुल्या स्पर्धा जयपूरने जिंकल्या.

या विजयाची पार्श्वभूमी ध्यानात घेण्याजोगी आहे. गोलमेज परिषदा नुकत्याच आटोपल्या होत्या. तेथे हिंदुस्थानच्या कारभाराचे नियम ठरविण्याचे काम चालू होते. परंतु नियम करणारा आणि त्या नियमांनी लाभणारा बहुतांशी एकच होता. पोलोच्या नियमांचे लेखकही इंग्रजच होते. हर्लिंगहॅमच्या समितीत जयपूरचा कोणी बसला नव्हता. मात्र एकदा लिहिला गेलेला नियम त्याच्या लेखकाच्याही हातून सुटतो. चेंडूची रेषा कोणाच्या रंगावरून वळत नाही, आणि दोन खांबांमधील आठ यार्डांचे अंतर यजमानांसाठी रुंद होत नाही. ज्या पुस्तिकेने इंग्रजी संघांना बांधले होते तिनेच जयपूरच्या चौघांना न्याय दिला. पराभव नाकारावयाचा तर यजमानांना आपलीच पुस्तिका नाकारावी लागली असती. नियम पाळणे ही पुष्कळदा दुर्बळाची लाचारी समजली जाते. १९३३ च्या जयपूर संघाने ते प्रबळाविरुद्धचे शस्त्रही असू शकते हे दाखवून दिले.

तथापि या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाला शोभणारे नाही. पंचाची शिटी मैदानातील आठ स्वारांना सारखे लेखते. मैदानाबाहेर उभ्या असलेल्या हजारोंविषयी ती काही बोलत नाही. एका सामन्यासाठी प्रत्येक खेळाडूला अनेक घोडे लागतात, कारण दर चकरीनंतर ताजा घोडा हवा. ते घोडे, त्यांचे मोतद्दार, नालबंद, वैद्य आणि समुद्रापारचा प्रवास, हा सारा खर्च अखेर राज्याच्या तिजोरीच्या आधारानेच उभा राहत होता. हँडिकॅपने कौशल्यातील तफावत मोजली. संपत्तीतील तफावत त्याला मोजता आली नाही. नियमाची समता ही प्रवेशानंतरची समता असते, आणि प्रवेशद्वार किती रुंद ठेवावयाचे हा प्रश्न नियामक संस्था बहुधा शेवटी हाती घेतात.

स्वातंत्र्यानंतर या कहाणीला मोठे वळण मिळाले. ३० मार्च १९४९ रोजी जयपूर संस्थान राजस्थान राज्यात विलीन झाले आणि जयपूर त्या राज्याची राजधानी ठरली. मानसिंह राजप्रमुख झाले. पण १९५६ साली ते पदही रद्द झाले. संस्थानी फौजांचे घोडदळ मोडून त्यातून १९५३ साली ग्वाल्हेर येथे एकसष्टावी घोडदळ पलटण उभारण्यात आली आणि पुढे जयपूर हे तिचे ठाणे झाले. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे स्वार तिच्यात सामील झाले. रजपूत आणि कायमखानी यांच्याबरोबर मराठे हा त्या पलटणीचा तिसरा घटक. राजवाड्याच्या तबेल्यातून पोलो अशा रीतीने लष्कराच्या तबेल्यात आला, आणि ज्याच्या नावावर एकही गाव नव्हते असा शिलेदार आपल्या आकड्याच्या बळावर संघात स्थान मिळवू लागला.

१९५७ साली फ्रान्समधील दोव्हील येथे भारतीय संघाने जागतिक विजेतेपद मिळविले. त्या संघाचे नेतृत्व मानसिंहांकडे होते आणि हनूतसिंहही त्यात होते. चोवीस वर्षांपूर्वी इंग्लंडात जिंकले तेव्हा ते राज्यकर्ते महाराज होते. दोव्हीलला जिंकले तेव्हा राज्य नव्हते, राजप्रमुखपदही नव्हते. मैदानाचे माप, चेंडूची रेषा, पंचाची शिटी मात्र तीच होती. राजाचा कायदा राजाबरोबर गेला. ज्या कायद्यापुढे राजाने स्वेच्छेने मान तुकविली होती तो उरला. २४ जून १९७० रोजी इंग्लंडमधील सायरनसेस्टर येथे पोलोच्या मैदानावर असतानाच मानसिंह कोसळले आणि त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी संस्थानिकांचे तनखे घटनादुरुस्तीने रद्द झाले.

घोड्यांच्या खेळाने घालून दिलेली ही वाट मोटारींनी फार लवकर धरली. मे १९०३ मध्ये पॅरिसहून माद्रिदकडे निघालेली शर्यत चालक आणि प्रेक्षक यांच्या मृत्यूंमुळे फ्रेंच सरकारने बोर्दो येथेच थांबविली; मृतांत मार्सेल रेनो हाही होता. दुसऱ्याच वर्षी, जून १९०४ मध्ये, पॅरिस येथे निरनिराळ्या देशांतील मोटार क्लबांचा संघ स्थापन झाला. आजचा आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ त्याचाच वारस. भारतातील मोटारक्रीडा क्लबांचा महासंघ १९७१ सालचा. येथेही आधार तेच: प्राणरक्षण, आणि परक्याशी खेळण्याची गरज. इंजिनाचा आकार, गाडीचे वजन, इंधन यांवरील मर्यादा म्हणजे यंत्राचे हँडिकॅपच होत. संपत्तीतील तफावतही अखेर विचारात आली. २०२१ पासून फॉर्म्युला वनच्या संघांना वर्षाला किती खर्च करावा याची मर्यादा घालण्यात आली आहे. पोलोला जे मोजता आले नाही ते मोजण्याचा हा प्रयत्न आहे.

मोटारीच्या नियमांत एक जबाबदारी मात्र अधिक आहे. पोलोचे मैदान आखलेले असते. रॅलीची मोटार माणसांच्या रस्त्यावरून धावते. २१ सप्टेंबर २०१९ रोजी राजस्थानातच, बाडमेर जिल्ह्यात, राष्ट्रीय रॅली स्पर्धेच्या एका फेरीत राखीव मार्गावर आलेल्या मोटारसायकलीवरील एकाच कुटुंबातील तिघे स्पर्धेतील मोटारीच्या धडकेने मृत्युमुखी पडले आणि उरलेली फेरी रद्द करावी लागली. ज्यांनी खेळाचा नियम कधी वाचला नाही, ज्यांनी त्याला संमती दिली नाही, त्यांच्या प्राणांचा भारही नियम करणाऱ्यांवर असतो. नियामक संस्थेची खरी परीक्षा प्रशस्तिपत्रे वाटताना होत नाही, ती अशा बंद केलेल्या रस्त्याच्या तोंडाशी होते.

आणि नियम करणारा चुकला तर? चौगानाच्या काळात ज्याला उत्तर नव्हते तो हाच प्रश्न. १२ जुलै १९९८ रोजी सिल्व्हरस्टोन येथे ब्रिटिश ग्रां प्री झाली. मिखाएल शूमाकरने मनाई असताना एका गाडीला मागे टाकले म्हणून त्याला दहा सेकंदांची शिक्षा झाली. शिक्षेची सूचना पंचवीस मिनिटांच्या आत द्यावी असा नियम होता; ती एकतीस मिनिटांनी दिली गेली, आणि शिक्षा नेमकी कोणत्या प्रकारची हेही तिच्यातून स्पष्ट होत नव्हते. शूमाकरने अखेरच्या फेरीत थांब्याच्या मार्गिकेत शिरून तेथेच विजयरेषा ओलांडली. शिक्षा रद्द ठरली, प्रतिस्पर्धी संघाचे अपील फेटाळले गेले, निकाल कायम राहिला. त्या शर्यतीच्या तीन पंचांपैकी एक होते मुंबईचे नाझिर हुसेन, भारतातील हिमालयन रॅलीचे संघटक. महासंघाच्या विशेष बैठकीत त्या तिघांनीही आपले पंचाचे परवाने परत केले.

या घटनेत काहींना केवळ फजिती दिसेल. वस्तुतः तिच्यात नियमाच्या सत्तेचे मर्म आहे. शिक्षा देणाराही घड्याळाला बांधलेला होता, आणि घड्याळ चुकताच त्याची शिक्षा निष्फळ झाली. एवढेच नव्हे, तर त्याला आपला अधिकारही खाली ठेवावा लागला. बादशहाला हे कधी करावे लागले नव्हते. म्हणून त्याचे नियम कितीही सुबक असले तरी ती केवळ मर्जी होती.

जयपूरच्या मैदानावर हिवाळ्यात आजही पोलोचे सामने होतात. महाराजांच्या नावाचे चषक आहेत, लष्करी गणवेशातील संघ आहेत, व्यावसायिक खेळाडू आहेत. प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा आहे आणि तो त्याने स्वतः लिहिलेला नाही. प्रत्येक गोलनंतर दोन्ही संघ बाजू बदलतात, म्हणजे ऊन आणि वारा यांचाही लाभ कोणा एकाला फार काळ मिळू नये. मग दोन पंच घोड्यावरून मध्यभागी येतात, खेळाडू रांग धरतात, आणि पंचाच्या हातून चेंडू पडेपर्यंत सारे थांबून राहतात.